दगडातले वासे

सकाळचे दहा वाजत आलेत. फर्दापूरच्या टी पॉइंटवर बसची रांग लोखंडी कठड्यांच्या बाहेर सांडली आहे. दिवाळीची सुट्टी. खासगी गाड्या इथेच थांबतात. अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंतचे पुढचे चारेक किलोमीटर बसनेच जायचं. रांगेत नागपूरकडची पांढऱ्या कपड्यांतली कुटुंबं आहेत, जळगावहून आलेली नवी जोडपी आहेत, पिशवीत चकल्या-शंकरपाळ्यांचे डबे घेऊन निघालेल्या आज्या आहेत. ऊन कार्तिकातलं असलं तरी चटके देतंय. बस येते, भरते, जाते. रांग चार पावलं सरकते आणि पुन्हा थांबते.

रांगेच्या कडेकडेने स्फटिकवाले फिरतायत. एक पोरगा माझ्यासमोर मूठ उघडतो. तळहातावर हिरवट, काचेसारखा खडा. चार सपाट बाजू, वर चारही बाजूंनी उतरत आलेलं टोक.

"घ्या ताई. विहीर खणताना निघतात. बघायचे पैसे नाहीत."

तो दुसरा खडा काढतो, तिसरा काढतो. आकार लहानमोठे, पण कोपरा तोच, टोकाचा उतार तोच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा थंड होत होता तेव्हा त्यात वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत पुढे पाणी झिरपलं आणि हे खडे धरले. इथे आकार पुन्हा पुन्हा येतो तो कणांच्या रचनेमुळे. त्यात कुणाचा हात नाही. मी एक विकत घेते आणि पर्समध्ये टाकते. मला आज जो आकार शोधायचा आहे, त्यात मात्र हात आहेत. पुष्कळ हात.

बस दरीत शिरते. दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात. खिडकीतून कुणीतरी माकडं दाखवतं आणि सगळी बस एका बाजूला झुकते.

तिकीटघरापासून पायऱ्या सुरू होतात. डोलीवाले वृद्धांना हेरून भाव सांगतायत. एक आजी नको नको म्हणत अखेर बसते आणि चौघे जण खुर्ची उचलतात. त्यांच्या खांद्यांवर दांड्यांचे घट्टे पडलेले आहेत. चढ संपतो तिथे मी कठड्याला टेकते. खाली वाघोरा नदी, पाणी थोडंच. नदी इथे घोड्याच्या नालाच्या आकारात वळते आणि त्या वळणाच्या उभ्या कड्यात एका रांगेत लेणी कोरलेली आहेत. तीस. सगळ्यात जुनी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातली, बाकीची वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली. मधे शतकांचं अंतर, पण कडा एकच, दगड एकच.

पहिल्या लेण्यासमोर चपलांचा ढीग आहे आणि पुन्हा रांग. आत एका वेळी ठरावीकच माणसं सोडतात. दारातला रखवालदार हाताने थांबवतो, आतले बाहेर येईपर्यंत आम्ही उन्हात तापलेल्या फरशीवर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभे असतो. माझ्या पुढे एक बाई पैठणी नेसून आलेली आहे. पदर खांद्यावरून घेतलेला, त्यावर जरीत विणलेलं कमळ. हे कमळ इथल्या भिंतींवरूनच पैठणीत गेलं असं येवल्याच्या बाजारात सांगतात. मी वाकून पाहते. पाकळीची कड गोल दिसते, पण डोळा जवळ नेला की ती पायऱ्यापायऱ्यांची आहे. मागावर गोलाई नसते. ताण्याचे धागे मोजायचे, इतके उचलायचे, रंगाची कांडी त्यातून घालायची, पुढच्या ओळीला एक धागा जास्त किंवा एक कमी. असा एकेक धागा सरकत पाकळी वळते. पदराची मागची बाजू वाऱ्याने उलटते, तिथेही तेच कमळ, तितकंच स्वच्छ.

"तुमची पैठणी छान आहे हो," मी म्हणते.

"सासूबाईंची," ती म्हणते आणि पदर सारखा करते.

आत अंधार आहे. डोळे सरावेपर्यंत फक्त पायांचे आवाज आणि कुजबुज. मंद दिव्यात हळूहळू खांब दिसायला लागतात, मग भिंती, मग छत. बहुतेक माणसं सरळ गाभाऱ्याकडे जातात, पद्मपाणीच्या चित्रासमोर गर्दी करतात. मी मान वर करते. सगळं छत चौकटी-चौकटींत वाटलेलं आहे. एका चौकटीत कमळ, एकीत फळांचा झुबका, एकीत हंस, एकीत हत्ती, पुन्हा कमळ. पण दुसरं कमळ पहिल्यासारखं नाही. देठ दुसरीकडे वळलेला, पाकळी अर्धी मिटलेली. चौकट ठरलेली आणि आतला मजकूर मोकळा. दुसऱ्या लेण्यातल्या छताबद्दल अभ्यासक सांगतात की ते ताणून बांधलेल्या कापडी चांदव्याचं चित्र असावं. मला ते पटतं. कापड टिकत नाही, तर ते रंगात उतरवून छताला कायमचं लावलं.

एक गाइड बॅटरीचा झोत खांबाच्या माथ्यावर टाकतो. तिथे चार हरणं कोरलेली आहेत. धडं चार, डोकं एक. एक लहान मुलगी वडिलांच्या खांद्यावर बसून बघते.

"बाबा, हे डोकं कुणाचं?"

वडील तळहाताने तिच्या डोळ्यासमोर तीन धडं झाकतात. "आता?"

"ह्याचं!"

मग ते हात सरकवतात. डोकं दुसऱ्याचं होतं. पुन्हा सरकवतात, तिसऱ्याचं. मुलगी खिदळते. रखवालदार "चला, चला पुढे" म्हणतो, तरी कुणी हलत नाही; मागचे चार-पाच जणही आपापले तळहात वर धरून बघायला लागलेत. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या पाथरवटाने हा खेळ मांडला तेव्हा बघणाऱ्याचा हात त्याने धरूनच ठेवला होता, याची मला खात्री आहे.

बाहेर आल्यावर उजेड डोळ्यांत घुसतो. पुढच्या लेण्यांवरून मी भरभर जाते. विहार, खांब, गाभारा; विहार, खांब, गाभारा. त्यांचं सौंदर्य वेगळं, पण मला नवव्या आणि दहाव्याकडे जायचं आहे.

दहावं चैत्यगृह उंच आणि लांब आहे. समोर प्रचंड पिंपळपानी कमान, खालचा दर्शनी भाग ढासळलेला. आत गारवा. दोन्ही बाजूंनी अष्टकोनी खांब, एकूण 39, मागच्या टोकाला स्तूपाभोवती वळत गेलेले. एका खांबावर 1819 सालच्या 28 एप्रिलची तारीख आणि एका इंग्रज शिकाऱ्याचं नाव ओरखडलेलं आहे. गाइड प्रत्येक गटाला आधी तेच दाखवतात आणि गट त्याचे फोटो काढतात. मला त्या नावात काडीचा रस नाही. त्याच्या डोक्यावर काय आहे ते बघायला हवं.

मधल्या दालनाचं छत अर्धगोल आहे, कमानीसारखंच वळलेलं, आणि आता गुळगुळीत दिसतं. पण टक लावून पाहिलं की दगडात ओळीने खाचा दिसतात. इथे लाकडाच्या फासळ्या बसवलेल्या होत्या. सागाचे वाकवलेले वासे, एकामागे एक. अख्खा डोंगर कोरून पोकळी काढली, ती स्वतःच्या बळावर उभी होती, तिला कुठल्याही आधाराची गरज नव्हती. तरी तिच्या पोटाला लाकडी वासे लावले. वासे गेले, खाचा राहिल्या. आणि दोन्ही कडेच्या अरुंद पट्ट्यांवर नजर टाकली की आणखी एक गोष्ट कळते. तिथल्या छताच्या फासळ्या लाकडाच्या नाहीतच. त्या दगडातच कोरलेल्या आहेत.

म्हणजे एकाच दालनात दोन्ही आहे. मधे लाकूड, कडेला लाकडाची दगडी नक्कल.

मी खांबाला पाठ लावून बसते. कार्ल्याच्या चैत्यगृहात मूळचे लाकडी वासे आजही छताला आहेत, दोनेक हजार वर्षांचे. भाज्याला तर खांब आतल्या बाजूला झुकवून कोरलेत. लाकडाच्या घरात छपराचा भार बाहेर ढकलतो म्हणून खांब आत कलते पुरतात. दगडात कोरलेल्या खांबाला असा भार पेलायचाच नसतो, त्याने कलायचं कारण नाही. तरी तो कलतो, कारण कोरणाऱ्याला घर म्हणजे असंच माहीत होतं. बिहारमध्ये बराबरच्या टेकड्यांत लोमश ऋषीच्या गुहेचं दार आहे, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातलं. त्या दारावरही हीच वळलेली कमान, तिच्याखाली वाशांची टोकं आणि हत्तींची रांग. दगडात ही कमान दिसते ती तिथून. लाकडात आणि बांबूत त्याआधी किती पिढ्या होती, ते सांगायला एकही घर उरलेलं नाही. ज्या सुतारांनी ती घरं बांधली त्यांचं सगळं काम कुजलं, जळलं, वाळवीने खाल्लं. त्यांच्या हातांचा पुरावा दुसऱ्यांच्या दगडात आहे.

पुस्तकांत या कमानीला अलंकरण म्हणतात. मला तो शब्द फार कमी पडतो असं वाटतं.

दुपार. ऊन डोक्यावर. एकोणिसाव्या लेण्यापुढे छोटं अंगण आहे आणि तिथे सावलीच्या एका पट्टीत वीस-पंचवीस माणसं दाटीवाटीने बसली आहेत. पाण्याच्या बाटल्या फिरतायत. कुणी चिवड्याची पुडी उघडतं आणि कठड्यावरचं वानर दोन हात पुढे सरकतं. "पिशवी आत घे, पिशवी आत घे!" असा गलका होतो.

मी उन्हातच उभी राहते, कारण इथून दर्शनी भिंत सगळी दिसते. मधोमध मोठी कमान. तिच्या दोन्ही बाजूंना, वर, छज्ज्याच्या पट्टीवर तीच कमान लहान होऊन येते. आणखी वर आणखी लहान. ओळीने, एकाच मापाची, एकीला लागून एक. त्यांतल्या काहींच्या आतून दगडी चेहरे डोकावतायत, घराच्या माळ्यावरच्या खिडकीतून रस्ता बघावा तसे. पाच-सहाशे वर्षांत कमानीचं काय झालं ते इथे भिंतीवर मांडलेलं आहे: दहाव्या लेण्यात ती छपराचा खरा छेद होती, इथे ती खिडकी आहे, पट्टी आहे, चेहऱ्याची चौकट आहे.

आणि तरीही कोरणारा काही विसरलेला नाही. मोठ्या कमानीच्या आतल्या कडेला मी बोट दाखवते. शेजारी उभा असलेला कॉलेजातला मुलगा डोळ्यांवर हात धरून बघतो.

"ती चौकोनी टोकं?"

"हो. ओळीने आहेत ना?"

"डिझाइन आहे ते."

"छपराच्या आडव्या दांड्या असतात ना, फासळ्यांवरून लांब जाणाऱ्या? त्यांची बाहेर आलेली टोकं आहेत ती."

तो थोडा वेळ गप्प राहतो. मग मोबाइल झूम करून टोकं मोजायला लागतो. मोजता मोजता आत जातो. आत गेल्यावर त्याचा आवाज येतो, मित्रांना हाका मारतोय, "अरे वर बघा, फासळ्या! सगळ्या दगडाच्या!" इथे लाकूड कुठेच लावलेलं नाही. मधलं दालनही पूर्ण दगडी वाशांचं.

एकदा डोळ्याला हा आकार सापडला की तो सोडत नाही. सव्विसाव्या लेण्याच्या दर्शनी भागात तो आहे. खाली येताना पुस्तकांच्या स्टॉलच्या पाटीवर आहे, पार्किंगजवळच्या हॉटेलच्या सिमेंटच्या दारावर आहे. संध्याकाळी छत्रपती संभाजीनगरकडे परतताना वाटेत सिल्लोडमध्ये चहाला थांबते, तर हॉटेलच्या गल्ल्यामागे गणपतीचं थर्माकोलचं मखर अजून तसंच ठेवलेलं. वरची कमान तीच, दोन्ही खांद्यांवर फुगलेली आणि माथ्यावर टोक काढलेली. मखर बनवणाऱ्याने अजिंठा पाहिला असेल-नसेल. त्याने दुसरं मखर पाहिलं, त्या मखराने देऊळ पाहिलं, देवळाने चैत्य. अशा वाटेने आकार चालत येतो.

दुसऱ्या दिवशी वेरूळ. इथे चौतीस लेणी, आणि सगळी गर्दी कैलासाकडे. कैलासाच्या शिखरावर ही कमान इतकी बारीक होऊन इतक्या वेळा आली आहे की ती आता कमान वाटतच नाही, दगडाचा पोत वाटते. मी तिथे फार थांबत नाही. डावीकडची वाट धरून दहाव्या लेण्याला जाते. सातव्या शतकातलं हे चैत्यगृह, वेरूळमधलं एकमेव. बाहेरची कमान इथे बदलली आहे, आकसून तिचं तीन पाकळ्यांचं गवाक्ष झालंय. पण आत पाऊल टाकलं की वर दगडी फासळ्यांचं भलंमोठं छत, अजिंठ्याहून रेखीव. एका गावकरी म्हाताऱ्याला त्याचा नातू हाताला धरून आणतो. म्हातारा वर बघतो आणि लगेच म्हणतो,

"वासे हायेत."

"दगडाचे आहेत आबा."

"असूं दे. वासेच हायेत."

इथल्या लोकांनी या लेण्याला फार पूर्वीपासून सुताराची झोपडी म्हटलंय. कलेच्या इतिहासाचं एक पानही न वाचता त्यांनी ते ओळखलं, कारण घर शाकारताना याच वाशांखाली ते उभे राहिले होते.

वेरूळहून मी कन्नडच्या रस्त्याला लागते. ऊन उतरतंय. दोन्ही बाजूंना ऊस उभा आहे. गाळपाचा हंगाम नुकताच सुरू झालाय. उसाच्या मोळ्या लादलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रस्ताभर पाचट सांडत चालल्या आहेत. एका शेताच्या कडेला मोकळ्या पडीक जागेवर ऊसतोडीची टोळी उतरलेली दिसते आणि मी गाडी थांबवायला सांगते.

चाळीसगावकडची माणसं आहेत, कालच आली. दहा-बारा जोडपी. इथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाच्या वहीत माणसं नसतात, कोयते असतात. पहाटे तोडीला जायचं आहे, म्हणून कोप्या, म्हणजे राहायच्या झोपड्या, आजच उभ्या राहायला हव्यात. जमिनीवर बांबूंची चवड, तट्ट्यांच्या गुंडाळ्या, निळी ताडपत्री. तीन दगडांची चूल पेटलेली. एक पोरगं उसाचं कांडं सोलतंय, दुसरं झोळीत झोपलंय.

एक कोपी अर्धी झाली आहे. दोन्ही बाजूंना हातभर अंतराने खड्डे, प्रत्येकात एक बांबू पुरलेला. समोरासमोरचे दोन बांबू वरून वाकवून एकमेकांवर आणायचे आणि काथ्याने आवळायचे. वाकताना बांबू मधे फुगतो आणि माथ्यावर निमुळता होतो. अशा चार जोड्या झाल्या आहेत, एकामागे एक. त्यांच्यावरून लांबीला आडव्या काठ्या बांधल्या आहेत आणि त्यांची टोकं पहिल्या जोडीच्या बाहेर वीतभर आली आहेत. ओळीने, सारख्या अंतराने.

मी समोर जाऊन उभी राहते. टोकं मोजते.

"काय बघता ताई?" कोपी बांधणारी बाई विचारते. कमरेला पदर खोचलेला, दातांत काथ्याचा तुकडा.

"ही टोकं बाहेर का ठेवलीत? कापायची नाहीत?"

"कापून कसं चालंल? तट्ट्या त्यालाच बांधायच्या न्हवं? वर पाचट टाकलं का वाऱ्यानं उडतं, मग त्याला दोर आडकवायचा." ती हाताने दोर कसा फिरतो ते दाखवते. टोकाला एक वेढा, खाली आणून दगडाला दुसरा.

"कुणी शिकवलं?"

"कोन शिकवनार? आई-बाप कोपी बांधायचे, आमी बांबू धरायचो."

"आणि गावाकडे घर?"

"पत्र्याचं हाये. हितं पत्रा कोन वाहून आननार?" ती हसते. "सहा म्हयने ह्येच घर. शिमग्यानंतर मोडायचं."

तिचा नवरा पाचव्या जोडीचा बांबू खड्ड्यात उभा करतो आणि बुडाशी माती टाचेने ठोकतो. समोरचाही बांबू उभा होतो. तो वाकवायला घेतो, पण दुसऱ्या टोकाला धरणारं कुणी नाही. बाई काथ्या सोडवतेय, पोरं लहान आहेत.

"ताई, टोक धरा जरा," ती म्हणते.

मी पर्स गाडीच्या टपावर ठेवते आणि बांबू धरते. तो हिरवा आहे, ओला आहे, हाताला गार लागतो आणि जोर लावला की उसळी मारून सुटायला बघतो.

"खाली घ्या. अजून खाली. सोडू नका हां, तोंडावर येईल!"

मी सगळं अंग टाकून ओढते. समोरून तो ओढतो. दोन्ही टोकं एकमेकांवर येतात, बाई झपाझप काथ्याचे वेढे घालते, गाठ मारते, दातांनी कचकन काथ्या तोडते. आणि लगेच सहाव्या जोडीकडे बोट दाखवते.